पाचव्या खोलीचे नाव

सर्व जाणत्या वाचकांस नम्रतापूर्वक विदित करण्यात येते की, पुढील कथेत एका शाळेची एक खोली, त्या खोलीच्या दारावरील एक दगड आणि त्या दगडावर कोरून पुन्हा नाहीसे झालेले एक नाव, एवढ्याच गोष्टींचे वर्णन येणार आहे. यात राजे नाहीत, लढाया नाहीत. इंग्रजी व्याकरणाचा थोडा भाग मात्र येईल. त्याने कोणी बिचकून जाऊ नये, कारण ज्या शिक्षकाने तो शिकवला त्याने तो खडी फोडणाऱ्यांच्या लेकरांनाही समजेल असाच शिकवला होता. कथेत गोडवा थोडा आहे. जितका होता तितकाच ठेवला आहे.

गोदावरीच्या काठी, शहागडच्या अलीकडे, शेवगव्हाण नावाचे गाव आहे. आज ते जालना जिल्ह्यात मोडते. ज्या काळाची ही हकिकत आहे त्या काळी, म्हणजे मोठ्या दुष्काळानंतरच्या तीन-चार वर्षांत, ते औरंगाबाद जिल्ह्यात होते. गावाच्या दक्षिण अंगाला बौद्धांची वस्ती. सन छप्पन्न साली धर्म बदलला त्याच वर्षी त्या लोकांनी आपल्या वस्तीला भीमनगर असे नाव दिले व वेशीवर निळ्या रंगात लिहिले. परंतु लिहिणे निराळे आणि दुसऱ्याच्या तोंडी बसणे निराळे. गावाने ते नाव वीस वर्षांत एकदाही उच्चारले नाही. जुने नाव घ्यायला कायद्याची भीती, नवे घ्यायला जिभेला जड. म्हणून गाव नुसते "तिकडं" म्हणत असे. तिकडून माणसं बोलवा, तिकडं निरोप द्या. एवढ्या मोठ्या वस्तीला नाव नव्हते, फक्त दिशा होती.

त्या वस्तीत तातेराव हा तरुण इंग्रजी घेऊन बी. ए. झाला आणि गावच्याच हायस्कुलात शिक्षक म्हणून लागला. नोकरी कायम नव्हती. दरवर्षी जूनमध्ये संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव पाटील यांच्या ओट्यासमोर उभे राहावे लागे आणि पाटील म्हणत, "बरं, राहा याबी वर्षी." तातेराव राही. पंचक्रोशीत दुसरा इंग्रजी शिकवणारा मिळत नाही हे पाटलांनाही ठाऊक होते आणि तातेरावालाही.

तातेरावाचे शिकवणे पाहण्यासारखे असे. पुस्तकात एक लहानसा धडा होता, इंग्रजीत एक नाम दुसऱ्या नामाच्या पुढे येऊन त्याचा प्रकार कसा सांगते याविषयीचा. इतर शिक्षक तो धडा पाठ करायला लावून सोडून देत. तातेराव तो दोन दिवस शिकवी. तो मुलांनाच नामे करी. एका मुलाला म्हणे तू आंबा, दुसऱ्याला म्हणे तू झाड, आणि दोघांना फळ्यासमोर उभे करी.

"आता मराठीत म्हणा."

"आंब्याचे झाड," वर्ग ओरडे.

"बघा, काय झालं? आंबा व्हता, त्याचा आंब्या झाला. वाकला का न्हाई? मराठीत नामाला दुसऱ्याजवळ जायचं असलं तर वाकावं लागतं, आणि वरून चा-ची-चे ह्याचं बोट धरावं लागतं. ए आंब्या, वाक."

आंबा झालेला मुलगा कमरेत वाके. वर्ग हसे.

"आता इंग्रजीत. मँगो ट्री. मँगो वाकला का?"

"न्हाई सर."

"मंग सरळ उभा राहा. इंग्रजीत नाम ताठ उभं राहतं. कोनाचं बोट धरत न्हाई. आणि झाडावर हजार आंबे असले तरी पुढं उभं राहताना एकच मँगो. सगळे मिळून एक."

हे सांगताना तातेरावाच्या चेहऱ्यावर जे तेज येई ते त्या धड्याच्या मानाने फार जास्त होते, हे मुलांना कळत नसे. त्याला स्वतःला कळत होते. ज्या भाषेत तो जन्मला त्या भाषेत प्रत्येक नामाला दुसऱ्यापुढे वाकताना त्याने पाहिले होते. त्या परक्या भाषेत एक नाम दुसऱ्याच्या पुढे मान वर करून उभे राहू शकते, ही गोष्ट त्याला एखाद्या दूरच्या गावी आपल्यासाठी राखून ठेवलेल्या घरासारखी वाटत असे.

धड्याचा दुसरा भाग तो जरा सावकाश सांगे. क्ले कप म्हणजे मातीचा कप आणि मिल्क कप म्हणजे दुधासाठीचा कप. एकात पुढचे नाम कप कशाचा ते सांगते, दुसऱ्यात कप कशाकरता ते सांगते. आणि इंग्रजी हे उघड करून सांगत नाही. "ते माणसानं व्यवहारावरून वळखायचं," तो म्हणे, आणि पुढच्या उदाहरणाकडे वळे.

एके दिवशी त्याने आठवीच्या वर्गात बेबीनंदा नावाच्या मुलीला स्टोन केले आणि सर्जेराव पाटलांच्या पुतण्याला वॉल केले. बेबीनंदा ही भीमनगरातल्या पुंजारामाची नात. ती पुढे उभी राहिली, ताठ. पाटलांचा पुतण्या तिच्या मागे. वर्गात कोणीतरी खुदकन हसले. तातेरावाला त्यात काही विशेष वाटले नाही. संध्याकाळी तो प्रसंग पाटलांच्या वाड्यावर पोहोचला होता.

आता शाळेच्या रिवाजाविषयी सांगणे आवश्यक आहे. शाळा देणग्यांतून उभी राहिली होती आणि रिवाज असा की, जो खोली बांधून देईल त्याचे नाव तिच्या दारावरच्या दगडात कोरायचे. सर्जेराव पाटलांनी पहिली खोली दिली आणि जालन्याहून पाथरवट आणून तीवर इंग्रजी अक्षरांत सर्जेराव हॉल असे कोरून घेतले. पाटलांना इंग्रजी येत नव्हते, परंतु हायस्कूल म्हटल्यावर इंग्रजी शोभते असे त्यांचे मत होते. मग कापसाच्या व्यापाऱ्याने दुसरी दिली, शेजारच्या गावच्या बागाईतदाराने तिसरी, एका सोनाराने चौथी. त्यांनीही तसेच इंग्रजीत कोरले. मुले त्याच नावांनी खोल्या ओळखत. "सातवी कुठं बसली?" "सोनार रूममंदी." अशा रीतीने देणाऱ्याचे नाव रोज शेकडो तोंडांतून जात असे. वर्ग सहा आणि खोल्या चार असल्याने दोन वर्ग निंबाच्या झाडाखाली भरत.

पुंजाराम हा दुष्काळी कामावर टोळीचा म्होरक्या होता. रस्त्याच्या कामावर खडी फोडता फोडता तो आणि त्याच्या टोळीतली माणसे दगड घडवायलाही शिकली होती. टोळीत बायका पुष्कळ. तातेरावाची आई केशरबाई त्यांत सर्वांत तरबेज. टाकी कुठे लावावी आणि घाव किती द्यावा हे तिच्या मनगटाला कळे. दुष्काळ सरला, काम सरले, पण विद्या हातात राहिली. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर पुंजारामाने विषय काढला.

"आपल्यापाशी पैसा न्हाई. पन दगड हाये, हात हाये. एक खोली आपन बांधू. आणि दारावर भीमनगर कोरू."

"त्यानं काय व्हईल, बाबा?" कोणी विचारले.

"काय व्हईल म्हंजे? पोरं इचारतील आठवी कुठं बसली. तव्हा गावाच्या लेकराला नाव घ्यावंच लागंल. बापानं न्हाई घेतलं, लेक घेईल."

तातेरावाने ते ऐकले आणि तो उठून उभाच राहिला. वेशीवर लिहून जे वीस वर्षांत झाले नाही ते शाळेच्या दाराने होणार होते. त्याने तिथल्या तिथे सांगितले, "दोनच शब्द कोरू. भीमनगर रूम. इंग्रजीत."

"मराठीत का न्हाई रे तात्या?" केशरबाईने विचारले. तिला दोन्ही लिप्या सारख्याच अनोळखी होत्या.

"मराठीत 'ची' लावावं लागतं, आई. इंग्रजीत नुसतं नाव उभं राहतं."

तिला ते कितपत समजले कोण जाणे. "उभं राहतं ना, मंग बस झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम व तातेराव पाटलांच्या ओट्यावर गेले. कापसाचे दिवस होते. अंगणात कापसाचा ढीग पडला होता व पाटील खुर्ची टाकून बसले होते.

"काय रे पुंजा, दुष्काळ सरला तरी खडी फोडायची खाज ऱ्हायलीच का हाताला?"

"खाज न्हाई, पाटील. सवय म्हना."

"आणि दारावर नाव कोनाचं म्हनता?"

"वस्तीचं."

पाटलांनी ढिगातला थोडा कापूस उचलून बोटांत पिंजला. मग तातेरावाकडे पाहून म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांना पुढं-मागं उभं करता म्हने. कोन पुढं, कोन मागं, तेबी तुम्हीच ठरवता."

"धडा तसा आहे, साहेब."

"असंल असंल. धड्याला काय म्हनावं." ते हसले. "बांधा. पत्रा, लाकूड संस्था देईल. नावबी लावा. बिलकुल लावा. रिवाज म्हंजे रिवाज. तुमच्यासाठी येगळा कशाला?"

परत येताना पुंजाराम इतका खूश होता की त्याने वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगितले. तातेरावाला पाटलांच्या हसण्याचा अर्थ लागेना, पण त्याने तो लावण्याचा फारसा प्रयत्नही केला नाही. मनुष्य ज्याची वाट पाहत असतो ते मिळाले की तो देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही.

ती खोली भीमनगरने उन्हाळ्यात बांधली. नाल्यातला काळा दगड बैलगाडीने आणला, नदीची वाळू बायकांनी डोक्यावर वाहिली. दिवसा दुसऱ्याच्या शेतात मजुरी आणि ऊन कलल्यावर शाळेत बांधकाम. तातेराव सुट्टीत पूर्ण वेळ तिथेच असे. वाळूची टोपली डोक्यावर घेताना तो मनाशी म्हणे, रिव्हर सँड, आणि भिंतीवर थाप मारून म्हणे, स्टोन वॉल. शब्द आणि वस्तू त्याच्या आयुष्यात प्रथमच एका जागी आल्या होत्या.

दारावरचा दगड पुंजारामाने निवडला आणि केशरबाईने घडवला. तातेरावाने कोळशाने अक्षरे काढून दिली. ती एकेक अक्षर बोटाने चाचपून मगच टाकी लावी. पहिल्या अक्षराला दोन पोटे होती, ते तिला फार आवडले. "हे आपलं पैलं अक्षर, भरल्या घरावानी," ती म्हणाली. एका अक्षराची कड थोडी उडाली तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. पुढे तिने ती कड इतकी घासली की फरक कळेना.

उद्घाटन पाटलांच्याच हस्ते झाले. त्यांनी फीत कापली, भाषणात श्रमदानाची स्तुती केली आणि शेवटी म्हणाले, "आज भीमनगरच्या लोकांनी गावाला खोली दिली." ते नाव पाटलांच्या तोंडून, लाऊडस्पीकरवरून, सगळ्या गावादेखत निघाले. पुंजारामाने डोळे पुसले. तातेरावाने आईकडे पाहिले. ती दारावरच्या दगडाकडे पाहत होती.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रार्थना झाली. मुख्याध्यापक बद्रीनाथ सर पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी मोठ्या आवाजात सांगितले, "भीमनगरची मुलं इकडं या. पाचवी ते दहावी, सगळी. तुमची खोली ही. तुम्ही तुमच्या खोलीत बसायचं."

मुले रांगांतून निघाली. त्यांना प्रथम आनंदच झाला. नवीन खोली, सारवलेली जमीन, गार भिंती. ती धावत आत गेली. बेबीनंदा सर्वांत पुढे होती. मग बाकीच्या मुलांचे वर्ग आपापल्या जागी गेले, दोन वर्ग पूर्वीप्रमाणे निंबाखाली बसले, आणि कोणते वर्ग कोणाशिवाय भरले आहेत हे हळूहळू सर्वांच्या लक्षात आले.

तातेराव कचेरीत गेला. "सर, सहा वर्गांची पोरं एका खोलीत. शिकणार काय?"

बद्रीनाथ सर वाईट मनुष्य नव्हते. ते भित्रे होते. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. "तातेराव, त्या पोरांचा पाया कच्चा आहे. विशेष वर्ग म्हणा. आणि शिकवायला तुम्ही आहात की. पूर्ण वेळ. तुम्ही भीमनगर रूमचे टीचर."

"आणि बाकीच्या वर्गांचं इंग्रजी?"

"ते मी बघतो."

"हे कोणी ठरवलं?"

सरांनी पेपरवेट पुन्हा पहिल्या जागी ठेवला. "दारावर नाव तुम्हीच कोरलं ना? गर्ल्स रूम म्हणजे मुलींकरता. स्टाफ रूम म्हणजे स्टाफकरता. मी काय चुकीचं बोललो?"

तातेराव तसाच पाटलांच्या ओट्यावर गेला. या वेळी पाटलांनी त्याला बसायलाही सांगितले नाही.

"साहेब, चार खोल्यांवर देणाऱ्यांची नावं आहेत. सोनार रूममध्ये काय नुसती सोनारांची पोरं बसतात?"

"न्हाई."

"मग आमच्याच खोलीला हा नियम का?"

"मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्हाला वस्तीचं नाव शाळंवर पाह्यजे व्हतं. दिलं. गावानं नाव घ्यावं वाटत व्हतं. आता घंटा झाली की रोज घेऊन राह्यलेत. आनखी काय पाह्यजे?" त्यांनी पानाला चुना लावला. "पुतण्या माझा भिंत झाल्ता त्या दिशी. आता त्याच्या म्होरं कोनी न्हाई उभं. बराबर बसलं सगळं. तुमची नोकरी यंदा कायम करावी असं मनात हाय माझ्या. जरा इचार करा."

तातेराव परतला. वाटेत त्याला आपलाच धडा आठवत राहिला. पुढचे नाम कशाचे ते सांगते की कशाकरता ते, हे भाषा सांगत नाही, व्यवहार सांगतो. आपण मुलांना हे कितीदा सांगितले, आणि दगडावर अक्षरे काढताना गावाचा व्यवहार आपल्याला आठवला नाही, या विचाराने त्याला स्वतःची किळस आली.

दिवस जाऊ लागले. गावाच्या तोंडी भीमनगर हे नाव आता सर्रास आले. मधल्या सुटीत मुले म्हणत, "भीमनगरचा चेंडू हाय तो, हात नगं लावू." शिपाई म्हणे, "भीमनगरचा खडू येगळा ठिवलाय." किराण्याचा दुकानदारही म्हणू लागला. वीस वर्षे जे नाव कोणी घेत नव्हते ते आता घराघरांत थुंकल्यासारखे घेतले जात होते. खोलीत तातेराव पाचवीला पाढे, दहावीला इंग्रजी आणि मधल्यांना जे जमेल ते शिकवी. एके दुपारी बेबीनंदा वही मिटून म्हणाली, "सर, मला तिकडं परत स्टोन करा की."

"इथंच करतो ना."

"इथं वॉल कोन व्हईल? इथं सगळेच आपले."

त्याने फळा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला.

विहारात बैठक भरली. औरंगाबादला शिक्षण खात्याकडे अर्ज करावा असे काहींचे मत पडले. अर्ज केलाही गेला. एक साहेब जीपने आले, पाटलांकडे जेवले, शाळेत येऊन दारावरचे नाव वाचून म्हणाले, "फार सुंदर काम. तुम्ही लोकांनी स्वतः बांधलं?" आणि आत बसलेल्या मुलांना आपल्या वस्तीच्या खोलीत बसलेली पाहून त्यांना काही गैर वाटले नाही. जीप गेली.

त्यानंतर पुन्हा बैठक भरली. तातेराव उभा राहिला. "चूक माझी आहे. इंग्रजीत मी लिहून दिलं. मराठीत 'भीमनगरने दिलेली खोली' असं कोरलं असतं तर..."

"तर काय, गुरुजी?" पुंजारामाने त्याला मध्येच थांबवले. "त्यानं पाटलाचं मन बदललं असतं? तुम्ही पोथीभर लिव्हलं असतं तरी लेकरं तिथंच बसली असती. अक्षराला कशाला बोल लावता? ज्याला बसवायचं त्यानं बसवलं. आपन त्याला दार बांधून देल्लं, एवढंच."

"मंग आता?"

बायकांतून केशरबाई बोलली. "नाव काढून टाकू."

"काय बोलून राह्यली, केशरबाई?"

"नाव हाय म्हनून ती आपली खोली. नाव न्हाई तर कोनाची? शाळंची. शाळंच्या खोलीत शाळंचं कोनबी लेकरू बसंल. पाटलाला सांगायला त्वांड ऱ्हानार न्हाई." तिने पदर सारखा केला. "मी कोरलं, मीच काढते."

"आई, लोकं हसतील."

"हसू दे. पुंजारामबाबाची नात शिकती ना? शिकू दे तिला तिच्या वर्गात."

पुंजाराम खाली मान घालून बसला होता. ज्या नावाकरता त्याने उन्हाळाभर दगड वाहिले ते नाव पुसण्यास त्याने होकार दिला, पण तोंडाने नव्हे. त्याने उठून आपली टाकी व हातोडी आणली आणि केशरबाईपुढे ठेवली.

रविवारी बाजाराचा दिवस होता. मुद्दाम तो दिवस निवडला, कारण चोरून केले असे कोणी म्हणू नये. सकाळी उन्हे वर आल्यावर भीमनगरातली माणसे शाळेच्या पटांगणात आली. शिडी लावली. तातेरावाने ती दोन्ही हातांनी धरली आणि केशरबाई वर चढली. बाजाराला निघालेली गावातली माणसे कुंपणाशी थांबली. पाटलांकडे निरोप गेला, पण पाटील आले नाहीत.

पहिल्या अक्षरावर, दोन पोटांच्या त्या अक्षरावर, तिने टाकी लावली आणि थांबली. खालून कोणीतरी म्हणाले, "मावशी, उतरा. दुसरा कोनी करंल."

"दुसऱ्याचा घाव वाकडा पडंल," ती म्हणाली, आणि हातोडी मारली.

दगडाचा चुरा तातेरावाच्या केसांत, पापण्यांवर, उघड्या मनगटांवर पडत होता. त्याने मान वर केली नाही. एकेक अक्षर जात होते ते त्याला घावांवरून कळत होते, कारण प्रत्येक अक्षराची वळणे त्याने स्वतः काढली होती. तिने नुसती अक्षरे खरवडली नाहीत. जिथे अक्षरे होती तिथली जागा तिने चौकोनी, एकसारख्या खोलीची, स्वच्छ केली. काम अर्धवट सोडणे तिच्या हाताला माहीत नव्हते. बाजारकरी माणसांतून एक जण हसला, पण त्याच्या शेजारच्यांनी त्याला साथ दिली नाही. काम संपल्यावर ती उतरली, टाकी पुंजारामाच्या हातात दिली आणि पदराने तातेरावाचे तोंड पुसले, लहानपणी पुसत असे तसे.

सोमवारी घंटा झाली. बद्रीनाथ सर पायरीवर उभे राहिले. त्यांनी दाराकडे पाहिले, रांगांकडे पाहिले आणि कुठल्याच मुलांना काही न सांगता आत निघून गेले. मुले आपापल्या वर्गांत गेली. बेबीनंदा आता नववीला होती, ती नववीत जाऊन पुढच्या ओळीत बसली. त्याच आठवड्यात दहावीच्या पालकांनी पाटलांकडे तक्रार केली होती की पोरांचे इंग्रजी बुडाले, बोर्डाचे वर्ष आहे. तेव्हा तातेरावही आपल्या जुन्या तासांवर परतला. आठवी पाचव्या खोलीत भरू लागली. केशरबाईचे म्हणणे खरे ठरले होते. सर्व मुले सर्व खोल्यांत बसली.

येथे कथा संपती तर वाचकांस समाधान झाले असते, पण ती येथे संपत नाही.

दिवाळीच्या सुटीत पाटलांनी जालन्याहून संगमरवराची एक पाटी आणवली. त्यांच्या मातोश्री सोनूबाई त्या वर्षी निवर्तल्या होत्या. गवंडी आला, शिडीवर चढला आणि दारावरच्या दगडात कोरलेली चौकोनी खाच पाहून खूश झाला. "कोनी केलंय काम? मला हात लावायची गरज न्हाई. बराबर बसती पाटी," तो म्हणाला. थोडे सिमेंट लावून त्याने पाटी बसवली. इंग्रजी अक्षरांत सोनूबाई हॉल. पाटलांनी त्या खोलीला एक दगडही दिला नव्हता, पण रिवाजाविषयी या वेळी कोणी काही बोलले नाही. भीमनगरातून पुंजाराम एकदा जाऊन पाटी पाहून आला. त्यानंतर त्याने शाळेच्या वाटेने जाणे सोडले आणि नदीकडे जायचे असले तरी लांबचा वळसा घेऊ लागला.

तातेरावाची नोकरी पुढच्या जूनमध्ये कायम झाली. पाटलांनी शब्द पाळला. गाव पुन्हा "तिकडं" म्हणू लागले.

तातेराव तो धडा आजही शिकवतो, आणि आठवीचा वर्ग सोनूबाई हॉलमध्येच भरत असल्याने तेथेच शिकवतो. मँगो ट्री सांगतो, क्ले कप सांगतो, मिल्क कप सांगतो. पण मुलांना फळ्यासमोर उभे करणे त्याने सोडले आहे. ताठ उभ्या राहणाऱ्या नामाची गोष्टही तो सांगत नाही. एकदा एका मुलाने हात वर करून आपणहून उदाहरण दिले, "सर, सोनूबाई हॉल. म्हणजे सोनूबाईनं बांधलेला हॉल. बरोबर ना?"

तातेरावाने खिडकीबाहेर पाहिले. केशरबाई दुसऱ्याच्या शेतातून मजुरी करून परत चालली होती. शाळेजवळ आल्यावर ती नेहमीप्रमाणे कुंपणाच्या आत आली, त्याच खोलीच्या मागच्या भिंतीवर हात ठेवून क्षणभर टेकली, आणि दाराकडे न जाता तशीच पुढे गेली.

"लिहून घ्या," तातेराव वर्गाला म्हणाला. "बरोबर आहे."

ही कथा येथे पूर्ण झाली. लिहिताना माझ्याकडून शब्दांत काही उणे-अधिक झाले असल्यास विद्वानांनी सांभाळून घ्यावे. आपला बहुमोल वेळ खर्चून ज्यांनी ती शेवटपर्यंत वाचली त्या सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

भुजंग रामराव खरात
मु. शेवगव्हाण